काउंटरसमोरचं टेबल

पुण्याच्या बोहरी आळीत किंवा मुंबईच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर हस्तकलेचं साहित्य हवं तेवढं मिळतं. मणी, टिकल्या, कुंदन, लेस, क्विलिंगच्या पट्ट्या, लोकर, ग्लू गनच्या कांड्या, सगळं किलोवर आणि डझनावर. ‘हे वापरायचं कसं’ या प्रश्नाला मात्र तिथे उत्तर नाही. घाऊक पेठेत ती अपेक्षाही करू नये, कारण मागे दहा गिऱ्हाइकं उभी असतात. हा प्रश्न उपनगरांतल्या आणि तालुक्याच्या गावांतल्या किरकोळ दुकानांपाशी येतो. तिथल्या काही दुकानदारांनी, त्यातही बायकांनी, काउंटरसमोर एक टेबल मांडलं, चार खुर्च्या ठेवल्या आणि शिकवायला सुरुवात केली. कुठे क्रोशा, कुठे भरतकाम, कुठे गणपतीच्या आधी शाडूची मूर्ती, तर कुठे मे महिन्यात मुलांसाठी कागदकाम. यातले काही कोपरे वर्षानुवर्षं चालले आहेत आणि बरेचसे दोन हंगामांत बंद पडून तिथे मालाची खोकी रचली गेली आहेत.

काही कोपरे टिकले आणि काही मोडले, ते कशामुळे, हे तपासण्यासाठी हा आढावा. माझं मत आधीच सांगून टाकते. दुकानातला शिकवणीचा कोपरा शिकवणाऱ्या व्यक्तीवर उभा राहतो. रंगीत भिंती, नावाची पाटी, इन्स्टाग्रामवरचे फोटो हे सगळं नंतरचं. ती व्यक्ती ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी तिथे बसलेली असेल आणि तिला रीतसर मोबदला मिळत असेल, तर अगदी पोटमाळ्यावरचा वर्गही चालतो.

दुकानाने शिकवायचं ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत आयझॅक सिंगरने १८५१ मध्ये शिलाई यंत्राचं पेटंट घेतलं, तेव्हा बायकांना हे लोखंडी धूड चालवता येईल यावर कुणाचा विश्वास नव्हता. त्याच्या कंपनीने न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर दालन उघडून तिथे तरुण मुलींना यंत्रावर शिवायला बसवलं आणि १८५६ पासून हप्त्यांवर विक्री सुरू केली. आधी दाखवायचं, मग शिकवायचं, मग विकायचं. मुंबईच्या नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी सिंगरचा हिंदुस्थानातला कारभार दीर्घकाळ सांभाळला आणि हे यंत्र इथल्या शिंप्यांच्या ओट्यांवर आणि मध्यमवर्गीय घरांत पोचलं. याच वाटेवरचा अलीकडचा टप्पा म्हणजे उषा कंपनीने २०११ मध्ये सुरू केलेल्या सिलाई शाळा. गावातल्या एका बाईला प्रशिक्षण आणि यंत्र द्यायचं, मग तिने आपल्या घरीच गावातल्या बायकांची शिवणं शिवायची आणि त्यांना शिकवायचंही. तिचं घर हेच दुकान आणि हीच शाळा. मला हा नमुना शहरी वर्कशॉपपेक्षा जास्त पक्का वाटतो, कारण शिकवणारी बाई गावातच असते. टाका चुकला तर दुसऱ्या दिवशी तिच्या दाराशी जाता येतं.

आपल्याकडे शिकणं दुकानात नव्हतं, कारण त्याची गरज नव्हती. रुखवत आठवून पाहा. मुलीच्या लग्नात मांडलेलं ते भरतकाम, मण्यांची तोरणं, क्रोशाचे रुमाल, साखरेची आणि सुपारीची नक्षी हे सगळं घरात, शेजारी, मावशी-आत्यांकडे बसून शिकलेलं असे. रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी १९०९ मध्ये उभ्या केलेल्या पुण्याच्या सेवासदनात बायकांना शिवणकाम शिकवलं जाई, ते स्वतःच्या पायांवर उभं राहण्यासाठी. १९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाला शिक्षणाच्या मध्यभागी ठेवलं. पुढे शाळांत ते कार्यानुभवाच्या तासापुरतं उरलं आणि तो तासही गणिताचे शिक्षक मागून घेऊ लागले. दुसरीकडे घरं लहान झाली, शेजार बदलला, आणि रुखवतही तयार मिळू लागलं. भाड्यानेसुद्धा मिळतं. घर, शेजार आणि शाळा या शिकण्याच्या तिन्ही जागा आखडल्यामुळे दुकानातल्या टेबलाला आज महत्त्व आलं आहे.

साहित्य बनवणाऱ्या कंपन्यांनी ही पोकळी बरीच आधी ओळखली. दिगंबर परशुराम दांडेकर यांनी १९३१ मध्ये गिरगावात शाईपासून सुरू केलेला उद्योग पुढे कॅमलिन म्हणून घराघरांत गेला, तो शाळांमधल्या रंगस्पर्धांच्या जोरावरही. फेविकॉलवाल्या पिडिलाइटने फेविक्रिल रंगांसाठी शिक्षिका तयार केल्या. साडीच्या काठावर, उशांच्या अभ्र्यांवर, टेबलक्लॉथवर रंगवलेली फुलं ज्यांच्या घरात होती, त्यांना त्या वर्गांची लाट आठवत असेल. याच कंपनीने ‘हॉबी आयडियाज’ नावाने दुकानंही काढली होती. कंपनीची शिक्षिका येऊन प्रात्यक्षिक करून जाते, हे लहान दुकानदाराला सोयीचं आणि फुकटचं असतं. पण त्या दोन तासांत कंपनीच्या नव्या ट्यूबा कशा वापरायच्या एवढंच कळतं. पुढच्या बुधवारी ती बाई दुसऱ्या गावात असते. वर्षातून दोनदा अशी प्रात्यक्षिकं जरूर ठेवावीत, पण त्यांना शिकवणी म्हणू नये.

महाराष्ट्रात करणं, दाखवणं आणि विकणं एकाच छताखाली असण्याचं मला सर्वांत जवळचं वाटणारं उदाहरण सावंतवाडीचं आहे. तिथली चितार आळी लाकडी फळं आणि खेळण्यांसाठी प्रसिद्ध. गंजिफाच्या पत्त्यांचं चित्रकाम मात्र विसाव्या शतकाच्या मध्यानंतर जवळजवळ संपलं होतं, मोजके वृद्ध चितारी उरले होते. तिथल्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी १९७० च्या दशकात त्यांच्याकडून ती कला समजून घेतली, तरुण मुलामुलींना शिकवायची व्यवस्था केली आणि राजवाड्यातच काम सुरू केलं. दशावतारी गंजिफाच्या संचात १२० गोल पत्ते असतात, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा. राजवाड्यात गेलेल्या माणसाला कारागीर खाली मान घालून बारीक कुंचल्याने मत्स्य किंवा कूर्म रंगवताना दिसतो आणि तिथेच मांडलेला तयार संचही दिसतो. किंमत ऐकून दचकलेला माणूस पाच मिनिटं तो हात चालताना पाहतो आणि मग घासाघीस करत नाही. ज्या दुकानात कारागीर कामाला बसलेला दिसतो, तिथे मालाची किंमत समजावून सांगावी लागत नाही. अगदी लहान दुकानानेही आठवड्यातून एक दुपार कुणाला तरी काम करत बसवावं, शिकणारे असोत वा नसोत.

आता शहरांतल्या सर्वांत मोठ्या हंगामाकडे वळू. श्रावण लागला की शाडूच्या गणपतीच्या कार्यशाळांच्या पाट्या लागतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत पीओपीच्या मूर्तींना मनाई केली. त्यावर न्यायालयात वाद चालत राहिले, तरी घरचा गणपती आपण घडवावा ही हौस त्याआधीपासून होतीच, ती आणखी वाढली. वीतभर मूर्तीला दीड-दोन किलो माती लागते. यातली बरीच शाडू गुजरातेतून, भावनगरकडून येते. दुकानदाराच्या दृष्टीने हिशेब सोपा वाटतो: माती, पाट, कोरणी, दोन तास आणि फी.

पण माती तेवढी घाई सोसत नाही. हात आणि सोंड धडाला जोडताना दोन्हीकडे कोरणीने रेघा ओढून मधे पातळ मातीचा लेप द्यावा लागतो. नुसतं दाबून चिकटवलं तर वाळताना सांधा सुटतो. मूर्ती सावलीत वाळवावी लागते. उन्हात ठेवली की पोटावर तडा जातो. आणि पावसाळी हवेत ती रंगवण्याजोगी व्हायला चार दिवस, कधी आठवडाही लागतो. ज्या दुकानांत दोन तासांतच घडवणं आणि रंगवणं उरकतात, तिथल्या मूर्तींचा रंग घरी गेल्यावर पापुद्र्यांनी निघतो. घरातलं लहान मूल रडतं आणि ते कुटुंब पुढच्या वर्षी तयार मूर्ती आणतं. जाणते मूर्तिकार दोन बैठका ठेवतात. पहिल्या रविवारी घडवायचं, मूर्ती दुकानाच्या फळीवर नावाच्या चिठ्ठीसह वाळायला ठेवायची, पुढच्या रविवारी रंगवायची. पहिल्या बैठकीनंतर फळीवर रांगेने बसलेल्या त्या पंधरा-वीस ओबडधोबड मूर्ती दुकानासमोरून जाणाऱ्यांना थांबवतात. ती जाहिरात विकत मिळत नाही.

दिवाळीतल्या आकाशकंदिलाचंही तसंच. माहीमच्या कंदील गल्लीत तयार कंदिलांचा समुद्र असतो, तरी मुलाचा हात हातात घेऊन त्याला कामट्या बांधायला शिकवायची इच्छा पालकांना असते. बांबूच्या कामट्या दोऱ्याने बांधून चौकट उभी करणं एकट्याने जमत नाही. एकाने धरायचं, दुसऱ्याने बांधायचं. म्हणून हा वर्ग जोड्यांचा ठेवावा, आई-मुलगी किंवा आजोबा-नातू असा. खळ, पतंगी कागद आणि झिरमिळ्या एवढ्या साहित्यात सगळं भागतं आणि दुकानाला नफा फारसा होत नाही. तरीही हा वर्ग घ्यावा, कारण त्या निमित्ताने घरातली सगळी माणसं एकदा टेबलाशी बसतात.

मात्र हंगामी वर्गांवर कोपरा चालत नाही. खरी परीक्षा जून आणि फेब्रुवारीसारख्या सणावाराचं काही नसलेल्या महिन्यांत होते. तेव्हा उपयोगी पडतं ते हळूहळू वाढणारं काम: क्रोशा, विणकाम, भरतकाम. क्रोशाचा पहिला तास जवळून पाहण्यासारखा असतो. चांगली शिक्षिका फिक्या रंगाची जाड लोकर देते, कारण काळ्या किंवा बारीक दोऱ्यात टाका दिसतच नाही. नव्याने शिकणाऱ्या बहुतेकजणी साखळी इतकी आवळून घालतात की पुढच्या ओळीत खांब घालायला सुई आत शिरत नाही. मग त्या घामाघूम होतात आणि ‘मला नाही जमायचं’ म्हणतात. शिक्षिका काही समजावत न बसता साखळीपुरती एक नंबर मोठी सुई हातात देते आणि काम सुटतं. दुसऱ्या दिवशी वेगळी तक्रार असते, चौकोनी रुमाल त्रिकोणी व्हायला लागला. प्रत्येक ओळीच्या शेवटचा खांब सुटत असतो. शिक्षिकेला ते एका नजरेत दिसतं. डावखुरी मुलगी आली तर ती तिला शेजारी न बसवता समोर बसवते, म्हणजे आरशासारखं पाहून शिकता येतं.

यूट्यूबवर क्रोशाचे हजारो व्हिडिओ आहेत, कित्येक मराठीतूनही आहेत आणि उत्तम आहेत. ते नमुना दाखवतात. आपल्या हातातला सुटलेला खांब त्यांना दिसत नाही. ऑनलाइन दुकानं लोकर स्वस्तात घरी पाठवतात, पण ही सुई या लोकरीला चालेल का, हा प्रश्न ती घेत नाहीत. शेजारच्या दुकानाचं बळ नेमकं इथे आहे आणि ते भावात स्पर्धा करायला गेलं तर हरतं.

मोठ्या दुकानांचाही दाखला घ्यावा. अमेरिकेत १९४३ पासून चालत आलेली ‘जोअॅन’ ही कापड आणि हस्तकला साहित्याची साखळी २०२४ आणि २०२५ अशा सलग दोन वर्षांत दिवाळखोरीत गेली आणि मे २०२५ अखेर तिची सुमारे ८०० दुकानं बंद झाली. कर्जाचा बोजा, मालाचा पुरवठा, स्पर्धा अशी कारणं त्यामागे होती. तरी मला त्यातून एक गोष्ट ठळक दिसते. प्रचंड मालसाठा हे काही गिऱ्हाईक धरून ठेवण्याचं साधन राहिलेलं नाही.

जागेबद्दल थोडक्यात. सहा फूट बाय अडीच फुटांच्या टेबलाभोवती सहाजण बसतात आणि एका शिक्षिकेला एका वेळी सहाच नीट पाहता येतात. डोक्यावर पांढरा, सावली न पाडणारा दिवा हवा. टेबल काउंटरसमोर, आत येणाऱ्याला दिसेल असं असावं. गोदामातल्या मागच्या खोलीत वर्ग घेतला तर तो दुकानाला कळतही नाही. वेळेसाठी पुणेकरांना एक सोय आहे. जुन्या पेठांत दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवण्याची रीत आहे. भाडं तर त्या तासांचंही भरलेलंच असतं, आणि घरातल्या बायकांना मोकळा वेळ मिळतो तो नेमका तेव्हा. अर्धं शटर ओढून त्या वेळात घेतलेला वर्ग शांतपणे होतो.

काय शिकवू नये हेही ठरवावं. रेझिनची सध्या फार मागणी आहे, पण त्याची वाफ बंद दुकानात कोंडते. हातमोजे, मास्क आणि खेळती हवा नसेल तर तो वर्ग घेऊच नये, आणि मुलांसाठी तर अजिबात नाही. ग्लू गन आणि कटर मोठ्यांच्या हातात राहू द्यावेत. तयार किटांबद्दलही सावधपणा हवा. मोजून भरलेलं किट पहिल्या दिवशी सोयीचं असतं, पण प्रत्येक वेळी किटच दिलं तर शिकणारी व्यक्ती एक वस्तू पुरी करते आणि माप, रंग, धागा निवडायला कधीच शिकत नाही. दुसऱ्या तासाला तिला उठून फळीवरून आपली लोकर आपण निवडू द्यावी.

आता पैसे. समजा सहाजण आले आणि माणशी ५०० रुपये फी घेतली, तर ३००० जमले. साहित्याचे ९०० आणि शिक्षिकेचे १२०० गेले की ९०० उरतात. त्यात वीज, चहा आणि दुकानदाराचे दोन तास. म्हणजे वर्गातून श्रीमंती येत नाही. शिकलेली बाई पुढच्या महिन्यांत लोकर, सुया, अँकरच्या लड्या घ्यायला परत येते, त्यावर हिशेब बसतो. फुकट वर्ग ठेवून गर्दी जमवण्याचा मोह टाळावा, कारण फुकट आलेली माणसं निम्म्यात उठतात आणि शिक्षिकेला काही मिळत नाही. शिक्षिकेचं मानधन ठराविक असावं, तिघीच आल्या तरी पूर्ण द्यावं. करांची एक बाबही पुष्कळांच्या लक्षात येत नाही. केवळ माल विकणाऱ्या दुकानाला जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीची आहे. फी घेऊन शिकवणं ही सेवा ठरते आणि सेवाही देणाऱ्यासाठी ती मर्यादा २० लाखांवर येते. टेबल मांडण्याआधी आपल्या सी.ए.ला विचारून घ्यावं.

मानधनाचा मुद्दा मला सर्वांत जिव्हाळ्याचा आहे, म्हणून त्यावर थोडं रेंगाळते. कित्येक दुकानं कलाकारांना ‘तुमची प्रसिद्धी होईल’ असं सांगून फुकट बोलावतात. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत मूर्तिकार, शिंपी, कुंभार, टोपल्या विणणारे, बाहुल्या-खेळणी करणारे अशा १८ व्यवसायांच्या कारागिरांना नुसतं शिकण्यासाठी दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत ठेवली आहे. शिकणाऱ्याच्या दिवसाचं मोल सरकारने ठरवलं आहे. शिकवणाऱ्याचा दिवस त्याहून स्वस्त कसा असू शकतो?

वारलीच्या बाबतीत हा प्रश्न जास्त टोचतो. शहरातला जवळजवळ प्रत्येक कोपरा वारली शिकवतो: दोन त्रिकोण, चार काड्या, मगावर किंवा चहाच्या कोस्टरवर पांढऱ्या ॲक्रिलिकने. मुळात ती लग्नघरातल्या गेरूने सारवलेल्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने सुवासिनींनी लिहायची चित्रं. लग्नाच्या चौकात, म्हणजे विधीच्या चौकोनी चित्रात, पालघट देवी असते. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांनी या भिंती बाहेरच्या जगापुढे आणल्या आणि डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हशे यांनी कागदावर चित्रं काढून ही कला जगभर नेली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. आज वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही आहे. असं असताना पालघर जिल्ह्यातल्या कलाकाराला एकदाही न बोलावता शहरात वर्षभर वारलीचे वर्ग चालावेत, हे मला पटत नाही. दोन महिन्यांतून एकदा तिथल्या कलाकाराला प्रवासखर्च आणि पूर्ण मानधन देऊन बोलवावं, पाटीवर त्याचं नाव दुकानाच्या नावाइतकंच मोठं लिहावं, आणि काय शिकवायचं आणि काय नाही हे त्यालाच ठरवू द्यावं. त्याने चौक शिकवायला नकार दिला तर तो मान्य करावा. पिंगुळीची चित्रकथी किंवा सावंतवाडीचं गंजिफा शिकवतानाही हाच रिवाज हवा.

शाळांशी जोडून घेण्याची संधी मात्र आज पूर्वीपेक्षा चांगली आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवावेत आणि त्या काळात त्यांनी सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशांकडे जाऊन काम शिकावं असं म्हटलं आहे. पुष्कळ शाळांना ते दिवस कुठे घालवायचे हा प्रश्न पडतो. गावातल्या दुकानाने मुख्याध्यापकांना जाऊन भेटावं. एका वर्गाचे सात-आठ गट करून रोज एक गट टेबलाशी बसवता येतो. साखळी टाका, गहू टाका आणि काजं करणं मुलींइतकंच मुलांनाही शिकवावं. सुटलेलं बटण लावता येणं हे तर आठवीपर्यंत प्रत्येकाला यायलाच हवं.

दुकानदारांना माझी विनंती आहे की मोठं दालन, किट, रंगीत पाट्या यांवर खर्च करण्याआधी एक शिकवणारी व्यक्ती शोधा, तिच्याशी सहा महिन्यांचं मानधन ठरवा आणि आठवड्यातला एक वार पक्का करा. वाचकांनाही एक सांगायचं आहे. तुमच्या गावात असं टेबल लागलं असेल तर तिथे जाऊन फी पूर्ण द्या, सवलत मागू नका, आणि लोकर तिथूनच घ्या, ऑनलाइन चाळीस रुपये कमी दिसले तरीही.